पंधरा बाय सव्वादहा

गेल्या दिवाळीआधी घराला रंग दिला आणि सोफ्यामागची अकरा फुटी भिंत उघडी पडली. आधी तिथे लग्नातला आमचा फोटो आणि नवऱ्याच्या ऑफिसातून मिळालेलं एक घड्याळ होतं. रंगाच्या निमित्ताने दोन्ही काढलं, आणि परत लावायची कुणालाच इच्छा होईना. मग सल्ले सुरू झाले. नणंद म्हणाली सात घोडे लाव, पूर्वेला तोंड करून. शेजारच्या काकूंनी बुद्धाचा चेहरा सुचवला, सोनेरी, उठावदार, खाली कारंजं असलेला. नवरा म्हणाला काहीच नको, भिंत मोकळी छान दिसते. हे त्याने अर्थात भिंतीकडे न बघता सांगितलं.

मला तिथे अमूर्त चित्र हवं होतं. कारण जुनं आहे. माझा मामा कुलाब्याला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या मूलभूत संशोधन संस्थेत, वर्कशॉपला होता. मी नववीत असताना सुट्टीत त्याने मला संस्था दाखवायला नेलं. यंत्रं, समुद्र, हिरवळ हे सगळं बघून झालं, पण डोक्यात राहिल्या त्या तिथल्या भिंती. होमी भाभांनी पन्नाशी-साठीच्या दशकांत तरुण चित्रकारांकडून चित्रं घ्यायला सुरुवात केली होती. तो संग्रह तिथल्या भिंतींवर कामाच्या जागेतच टांगलेला होता. शास्त्रज्ञ चहाचा कप घेऊन त्याच्या समोरून ये-जा करत होते. एका चित्रापुढे मी थांबले. पहिल्या नजरेला एकच रंग. थोडं थांबलं की त्या रंगाखालून दुसरा रंग वर यायला लागला, मग तिसरा, विहिरीत वाकून बघताना हळूहळू तळ दिसायला लागतो तसा. मामा म्हणाला, "गायतोंडे आहेत हे." एवढंच. त्यालाही त्यापुढचं माहीत नव्हतं.

पुढे वाचलं. वासुदेव गायतोंडे मूळचे गोव्याचे, जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ला बाहेर पडले. आपल्या चित्राला 'ॲब्स्ट्रॅक्ट' म्हटलेलं त्यांना रुचत नसे, ते 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत, म्हणजे कुठल्याही वस्तूवरून न घेतलेलं. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ जास्त. रंग लावायचा, खरवडायचा, उचलायचा, पुन्हा वर पातळ थर. २००१ला ते गेले. २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि २०२५च्या सप्टेंबरात त्यांचं एक चित्र लिलावात ६७ कोटींच्या वर गेलं. आमच्या फ्लॅटसारखे कितीतरी फ्लॅट त्यात येतील. तेव्हा मूळ चित्राचा प्रश्न नव्हता. प्रतिकृती घ्यायची, चांगली फ्रेम करायची, असं मनाशी ठरवलं. हे सोपं काम आहे असा माझा समज होता.

फोनवर 'गायतोंडे कॅनव्हास प्रिंट' एवढं टाइप केलं तर रांगच लागली. पिवळं, राखाडी, शेवाळी, जे हवं ते, ज्या मापात हवं त्या मापात. ४,९९९ वर काट मारून १,८९९. मी ३६ बाय २४चं एक शेवाळी मागवलं. सहा दिवसांत आलं. बबल रॅप सोडताना रॉकेलसारखा वास आला, तो दोन दिवस घरभर राहिला.

भिंतीला लावायला माणूस बोलावला. आमची इमारत मायवानची. म्हणजे विटांची भिंतच नाही, सगळं ओतलेलं काँक्रीट. साधं ड्रिल लावलं तर नुसता पांढरा भुगा पडतो आणि ड्रिलवाला आपल्याकडे रागाने बघतो. त्याने खाली जाऊन हॅमर ड्रिल आणलं, दोन भोकं पाडली, ३५० रुपये घेतले. ही दोन भोकं लक्षात ठेवा.

चित्र लागलं. नवरा म्हणाला, "बरं दिसतंय की." लांबून खरंच बरं दिसत होतं. मी चहा घेऊन समोर बसले आणि थर वर यायची वाट बघू लागले. काही वर येईना. शेवाळी तो शेवाळीच. जवळ गेले तर कॅनव्हासची वीण दिसत होती, सगळीकडे सारखी, पोत्याला असते तशी. तिच्यावर रंगाचे ठिपके बसलेले. मूळ चित्रात जिथे रंगाचा जाड लगदा उचललेला होता, तिथे त्या लगद्याच्या सावलीचा फोटो छापलेला होता. सावली एका बाजूने, आणि आमच्या हॉलचा उजेड येतो दुसऱ्या बाजूने.

मग पुस्तकातला फोटो काढून शेजारी धरला. तेव्हा खरा घोळ कळला. मूळ चित्र चांगलंच उभट होतं. विकणाऱ्याने ते आपल्या ३६ बाय २४च्या साच्यात बसवायला वरून-खालून कापलं होतं. शिवाय कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून मागे स्टेपल मारतात, त्यात चारही बाजूंनी दीड-दीड इंच चित्र कडेवर वळलं होतं. म्हणजे गायतोंड्यांनी जिथे संपवलं तिथे हे संपतच नव्हतं. घोड्याच्या चित्रात कोपऱ्यातलं गवत कापलं तर घोडा शाबूत राहतो. इथे घोडाच नाही. कुठला रंग कडेपासून किती अंतरावर आहे, हेच चित्र. ते कापल्यावर हातात उरला शेवाळी रंगाचा पडदा.

परत करायला गेले तर 'मेड टू ऑर्डर' म्हणून परत घेत नाहीत म्हणाले. त्या भांडणात एक गोष्ट कळली, जी आधीच कळायला हवी होती. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. गायतोंडे २००१ला गेले म्हणजे २०६१ संपेपर्यंत. मी त्या विक्रेत्याला विचारलं, तुम्ही परवानगी कुणाची घेतली? त्यानंतर त्यांच्याकडून उत्तर यायचं बंद झालं. राग त्यांचा आलाच, पण मलाही थोडं ओशाळल्यासारखं झालं. ६७ कोटींचं चित्र १,८९९ला येतं, तेव्हा कुणाच्या तरी खिशातून काहीतरी गेलेलं असतं, हे न कळण्याइतकी मी लहान नाही.

कॅनव्हास काढून माळ्यावर टाकला. भिंतीवर दोन भोकं राहिली.

त्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत सुटले, की छापील चित्र म्हणजे फसवणूक. सासूबाईंनी दोनदा ऐकून घेतलं आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मग माझी लक्ष्मी काय आहे?"

त्यांच्या देवघरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे, त्यांच्या आजीकडून आलेली. कमळावर उभी, मागे हत्ती. रविवर्म्याची, म्हणजे अर्थात छापलेली. राजा रविवर्मांनी १८९४ला मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, लोणावळ्याच्या अलीकडे. तिथून हे ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखे दिसणारे छाप, घरोघर गेले. एकेका रंगासाठी वेगळ्या दगडावर आकृती रेखायची, आणि कागद एकामागून एक त्या सगळ्या दगडांवरून काढायचा. भिंग घेऊन बघितलं तर लक्ष्मीच्या गालावर बारीक ठिपके दिसतात, लाल वेगळे, पिवळे वेगळे. शंभर वर्षांच्या आसपासचा कागद, कडा तपकिरी झालेल्या, पण साडीचा गुलाबी अजून जागा आहे. आईंचं म्हणणं बरोबर होतं. आपल्या घरांत चित्रं आलीच मुळी छापखान्यातून. खोट छापण्यात नव्हती. काय छापायचं आणि कसं छापायचं, तिथे माझं चुकलं होतं.

तेव्हा सुरुवात नव्याने, आणि या वेळी दुकानाच्या आधी छापणाऱ्याकडे. माझ्या मैत्रिणीचा भाचा फोटोग्राफी करतो. त्याने कर्वे रोडजवळच्या एका लॅबचा पत्ता दिला, जिथे फोटोग्राफर आपल्या प्रदर्शनाची प्रिंट काढून घेतात. तिथला मुलगा फार तर पंचविशीचा, पण समजावून सांगण्याची हौस दांडगी. त्याच्याकडून जे शिकले ते असं, की इंकजेटची शाई दोन जातींची. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. दिसायला चटकदार, उन्हाला लवकर उडतो. पिगमेंट म्हणजे रंगाचे अतिसूक्ष्म कण. ते कागदावर बसतात आणि टिकतात. पिगमेंट शाई आणि आम्ल नसलेला सुती कागद, यांवर काढलेल्या प्रिंटला बाजारात 'जिक्ले' म्हणतात. मला ते काहीतरी जुनं फ्रेंच तंत्र वाटलं होतं. तो हसला. शब्द अमेरिकेतला, १९९१चा. जॅक डुगॅन नावाच्या छापणाऱ्याने 'इंकजेट' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं म्हणून फ्रेंचमधल्या फवारण्याच्या क्रियापदावरून तो शब्द बनवला. म्हणजे जिक्ले म्हणजे फवारलेलं. आपल्या पिचकारीचंच लांबचं नातं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. हातात धरून बघायच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके लागतात. १५ इंच बाजू म्हणजे ४,५०० पिक्सेल. मोठ्या चित्राला, जे सहा फुटांवरून बघणार, १५० पण चालतात. माझं शेवाळी चित्र बहुधा कुठल्यातरी लिलावाच्या पानावरून उचललेलं हजार-बाराशे पिक्सेलचं असणार, असं तो म्हणाला. ३६ इंचांवर ताणलं म्हणजे इंचाला तीसेक ठिपके. "मॅडम, त्यात थर कुठून येणार?"

तिसरी गोष्ट त्याने सांगितली नाही, मला त्याच्याकडे बसल्या बसल्या सुचली. तो एका फोटोग्राफरचे १२ इंची फोटो छापत होता. फोटोला ठरलेलं माप नसतं, आठ इंची काढा नाहीतर अठरा. चित्राला मात्र असतं. प्रतिकृती घेताना आपण ते माप सोडून देतो आणि आपल्या सोफ्याचं माप धरतो.

पण हे कामी येण्याआधी आणखी दोन फेऱ्या झाल्या, त्याही सांगते.

एक फेरी मुंबईची. काळा घोड्याला जहांगीर बघून, जवळच एका गॅलरीत गेले. तिथे रझांच्या सेरिग्राफ होत्या. सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, नागपूरला आणि जे. जे. ला शिकलेले, १९५०ला फ्रान्सला गेले ते साठ वर्षांनी परत आले. त्यांचा काळा बिंदू सगळ्यांना ठाऊक आहे. सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट, लग्नपत्रिका छापतात त्याच कुळातलं काम. जाळीतून एकेक रंग दाबून खाली उतरवायचा, रंगागणिक वेगळी जाळी. मी नाकाला कागद लावून बघितलं. बिंदूचा काळा रंग कागदावर किंचित उंच होता, हाताला लागेल असा. लालाची कड सुरीने कापल्यासारखी. खाली पेन्सिलीत आकडा, शंभर प्रतींतली सदतिसावी वगैरे, आणि सही. इथे काही हरवलंय असं वाटतच नव्हतं, कारण रझांचे ते सपाट, ठाम रंग जाळीतून उतरायला जणू तयारच होते. किंमत विचारली. गॅलरीतली मुलगी फार नम्रपणे बोलली. मी तितक्याच नम्रपणे बाहेर येऊन सँडविच खाल्लं.

दुसरी फेरी कॅन्डिन्स्कीची. हा रशियन चित्रकार १९४४ला गेला, म्हणजे आपल्या कायद्याने हक्कातून केव्हाच मोकळा. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या फाइली कुणीही वापराव्यात म्हणून खुल्या केल्या आहेत. त्यात त्याचं १९१३चं 'इम्प्रोव्हायझेशन नं. ३०' आहे. पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, सरळ उतरवून घ्या. मला आधी विश्वासच बसेना. नमुना म्हणून लॅबमधून १२ इंची प्रिंट काढून आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. सासूबाई पोळी लाटता लाटता वाकून म्हणाल्या, "ही तोफ ना गं?" खालच्या उजव्या कोपऱ्यात खरंच तोफा आहेत. चित्राच्या नावातच कंसात 'कॅनन्स' आहे. ते चित्र शिकागोच्या एका वकिलाने घेतलं होतं. त्याने विचारल्यावर कॅन्डिन्स्कीने कळवलं होतं, की त्या वर्षभर युद्धाच्याच गप्पा चालल्या होत्या, त्यातून त्या आल्या असतील. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. आईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग हे अमूर्त कसं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण मूळ चित्र १११ सेंटिमीटर चौरस. साडेतीन फुटांहून जास्त. बारा इंचांत सगळी गर्दी झाली होती, दादर स्टेशनसारखी. मग मी जुने पेपर एकमेकांना चिकटवले, १११ सेंटिमीटरचा चौरस कापला आणि मास्किंग टेपने भिंतीला लावला. हे मात्र सगळ्यांनी करून बघावं असं आहे. फुकट आहे, आणि दुकानात हाताने हवेत दाखवलेलं माप घरी येऊन कसं दिसेल ते लगेच कळतं. चार दिवस तो पेपरांचा चौकोन तिथे होता. छान भरलेली दिसायची भिंत. मग खर्च काढला. ४४ इंचाच्या प्रिंटचेच पावणेआठ हजार, त्यावर तेवढी काच म्हणजे वजन आणि धास्ती, ॲक्रिलिक म्हणजे आणखी पैसे. आणि इतकं करून तैलरंगांचं जाडपातळ ते कागदावर येणार नव्हतंच. नवऱ्याने पेपरवरच्या बातम्या वाचत वाचत विचारलं, "हेच ठेवायचं का?"

पेपर काढले त्या रात्री लॅबमधली ती मापाची गोष्ट परत डोक्यात आली. भिंतीला चित्र शोधण्याऐवजी आपल्याला परवडेल तेवढंच, तेवढ्याच मापाचं चित्र शोधलं तर? कागदावर केलेलं, म्हणजे कागदावर छापलं तर फारसं काही हरवणार नाही असं? असा चित्रकार आठवायला वेळ लागला नाही. पॉल क्ले. छोटी चित्रं, बरीचशी कागदावर, वहीच्या पानाएवढी. १९४०ला वारला, तेव्हा तोही मोकळा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमकडे त्याची नव्वद चित्रं एका संग्राहकाने १९८४ला दिलेली आहेत, आणि या म्युझियमनेही २०१७पासून हक्कमुक्त चित्रांच्या फाइली खुल्या केल्या आहेत. तीन रात्री त्यात गेल्या. लेक म्हणाला, "आई, तू रील्स बघतेयस का?"

सापडलं ते 'स्टॅटिक-डायनॅमिक ग्रेडेशन', १९२३चं. तेव्हा क्ले जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता. गोधडीसारखे ओबडधोबड चौकोन, पट्टीने न आखलेले. कडेला काळपट, मातकट, आणि मध्याकडे येता येता लाल, निळे, पिवळे होत उजळणारे. संध्याकाळी वाड्यात दिवा लावल्यावर कोपरे अंधारात राहतात आणि मधली माणसं तेवढी दिसतात, तसं काहीसं. कागदावर तैलरंग आणि गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग. माप ३८.१ बाय २६.१ सेंटिमीटर. इंचांत पंधरा बाय सव्वादहा. फायलीत पंधरा इंचांना पुरेल एवढा माल होता.

लॅबमध्ये गेले आणि म्हटलं, मापात एक सूतही बदल करायचा नाही. मुलाने आधी चार इंची पट्टी काढून दिली, नमुना म्हणून. बरं झालं. पडद्यावर जे काळपट तपकिरी होते ते चार वेगवेगळे चौकोन कागदावर एकच काळा झाले होते. मोबाइलचा पडदा आतून पेटलेला असतो, कागदाला खोलीतला उजेड मिळेल तेवढाच. त्याने गडद भाग थोडे वर उचलले, दुसरी पट्टी काढली. ती मी घरी आणली, सकाळी खिडकीत आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघितली. रात्री पिवळा हिरवट वाटत होता. तिसऱ्या पट्टीला जमलं. पट्ट्यांचे त्याने पैसे घेतले नाहीत. मी पुढच्या वेळी बाकरवडी घेऊन गेले. चारी बाजूंनी दोन-दोन इंच कोरं सोडून सुती कागदावर प्रिंट झाली, ११०० रुपयांत.

आता फ्रेम. आमच्या पेठेत एक जुने फ्रेमवाले आहेत. दुकान दहा बाय सहा, भिंतीवर पट्ट्यांचे कोपरे व्ही आकारात लटकवलेले, आणि खाली गणपती, साईबाबा, कुणाचे तरी स्वर्गवासी आजोबा, महाविद्यालयाच्या पदव्या, सगळे आपापल्या काचेची वाट बघत. काकांनी प्रिंट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि म्हणाले, "ताई, वरची बाजू कोणती?"

मी जरा चिडलेच. मग लक्षात आलं, की हा फार योग्य प्रश्न आहे. १९६१ला न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये मातीसचं एक नावेचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं. हजारो लोक बघून गेले, शेवटी एका बाईच्या लक्षात येईपर्यंत बोललं नाही कुणी. मॉन्ड्रियनचं चिकटपट्ट्यांचं एक चित्र जर्मनीतल्या म्युझियममध्ये कित्येक वर्षं उलटंच असावं, असं त्याच म्युझियमच्या क्युरेटरने २०२२ला सांगितलं. सरळ करायला गेलं तर पट्ट्या निघतील, म्हणून ते तसंच ठेवलंय. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बाण मारायला काय झालं होतं त्यांना?" आणि मागे पेन्सिलीने बाण काढून त्यावर 'वर' लिहिलं.

खरी हुज्जत पुढे झाली. ते म्हणाले, प्रिंट एमडीएफवर चिकटवून घेऊ, सफाचट बसेल. लॅबवाल्या मुलाने मला बजावून पाठवलं होतं, की काहीही करा पण चिकटवू देऊ नका, गोंदाने कागद पिवळा पडतो, पुन्हा सुटा होत नाही. मी तसं म्हटलं. काका म्हणाले, "ताई, आपल्याकडे चार महिने पाऊस. मोकळा कागद पापडासारखा लाटा घेतो. मग तुम्हीच घेऊन येता, काका फ्रेम बिघडली म्हणून." त्यांचंही खोटं नव्हतं. मी माझं वाचलेलं ज्ञान काढलं, की हा चित्रकार स्वतः किती काळजीने आपले कागद पुठ्ठ्यावर बसवायचा, खाली नाव, साल, क्रमांक लिहायचा.

"बसवायचा म्हणजे?"

"चिकटवायचा," मी म्हटलं आणि जीभ चावली.

काका काही बोलले नाहीत. नुसते चष्म्यावरून बघत राहिले.

तडजोड अशी झाली: प्रिंट मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या बाजूला कागदी पट्टीच्या दोन बिजागऱ्यांनी टांगायची, बाकी सगळी मोकळी, म्हणजे दमटपणाने फुगली तर फुगायला जागा. वरून खिडकी कापलेलं माउंट, तेही आम्ल नसलेलं, जे मला लॅबमधूनच नेऊन द्यावं लागलं. माउंटची जाडी मध्ये असल्यामुळे काच कागदाला टेकत नाही. टेकली तर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते, हे काकांनी स्वतःच सांगितलं आणि तशी बिघडलेली एक लग्नाची जोडी दाखवली. माउंट किती रुंद, यावरही बोलणं झालं. ते दीड इंच म्हणत होते, मी तीन. तीन इंचाने चित्राभोवती जरा शांतता राहते. रंग पांढराशुभ्र नाही, दुधट. पट्टी सागाची, बारीक, पॉलिश न केलेली. त्यांनी आधी सोनेरी नक्षीची फायबर पट्टी काढली होती, "हॉलमध्ये उठून दिसेल" म्हणून. त्यांच्या दृष्टीने पंधरा इंची चित्राला एवढं कमी नटवणं म्हणजे कंजूषपणाच. पाठीमागे हार्डबोर्ड, कडेने ब्राउन टेप, खाली दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळेल. बिल २,४५०. प्रिंट आणि माउंट धरून चार हजारांच्या आत बसलं. शेवाळी पडद्याचे १,८९९ आणि भोकांचे ३५० मी यात धरलेले नाहीत. नवरा धरतो.

फ्रेम घरी आल्यावर हॉलच्या भिंतीवर धरून बघितली. अकरा फुटांच्या भिंतीवर ती टपाल तिकिटासारखी दिसली. अपेक्षितच होतं. मग ती घेऊन घरभर फिरले. शेवटी स्वयंपाकघरातून आतल्या खोल्यांकडे जाताना जो तीन फुटी बोळ आहे, तिथे जागा सापडली. तिथे कुणाला मागे सरकून बघताच येत नाही. हे चित्र जवळूनच बघायचं आहे, क्लेने करताना त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होतं तेवढंच. ऊनही येत नाही. म्युझियमवाले चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांच्या आसपास ठेवतात असं वाचलं होतं. पण त्या बोळातून दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा जातात त्या सासूबाई, आणि त्यांची उंची चार फूट दहा. मध्य ५४ला घेतला. नवऱ्याला वाकावं लागतं.

तोच ड्रिलवाला आला. तेच ३५०. "आता एकच भोक?" म्हणाला.

पहिले काही दिवस कुणी काही म्हणालं नाही. मग एकदा दुपारी वीज गेली होती, बोळात अंधार. आई तिथे उभ्या. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "कडेचे दिसत नाहीत, पण मधले अजून दिसतायत." मी जाऊन शेजारी उभी राहिले. खरंच तसंच होतं. पिवळा सगळ्यांत शेवटी गेला.

गायतोंड्यांसारखे थर त्यात नाहीत. ते बघायचे तर मूळ चित्रापुढेच जाऊन उभं राहायला हवं, आणि मी या मेमध्ये लेकाला घेऊन मुंबईला एनजीएमएत, म्हणजे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, जाणार आहे. त्याला सांगितलंय, फोन बाहेर ठेवायचा. तो म्हणाला किती मिनिटं. पहिल्या पावसाळ्यानंतर फ्रेम उलटी करून बघायची, कुठे बुरशी आहे का, टेप सुटून कसर आत गेली आहे का, असं काकांनी बजावलं आहे.

हॉलची भिंत अजून तशीच आहे. ती दोन भोकं बुजवायला रंगाऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, लांबी भरून टच-अप केलं तर ठिगळ दिसणार, पूर्ण भिंत परत मारावी लागेल. म्हणून सासूबाईंनी डावीकडच्या भोकातल्या स्क्रूला कालनिर्णय अडकवलं आहे. उजवीकडच्यावर गॅसवाल्याची पावती असते.